मोहाचा लाडू कुणाच्या गावात वळायचा

माझा धंदा लाडवांचा. वाईला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सहा जणी डिंकाचे, अळिवाचे, नाचणीचे लाडू करतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका दुकानदाराने फोनवर विचारलं, "मोहाचे लाडू जमतील का? आजकाल विचारतात लोक." मी मोह जन्मात चाखला नव्हता. त्याची दारू होते, एवढंच ऐकून होते. तरी "जमतील की" म्हणून बसले. आधी हो म्हणायचं आणि मग शिकायचं, ही माझी जुनी खोड आहे. तिनेच मला मार्चच्या अखेरीस चंद्रपूर आणि गडचिरोलीला नेलं.

मी लिहिते ते पाच दिवसांचं आहे. तेवढ्यात एखादा प्रदेश कळतो असा माझा दावा नाही. पण आमच्याकडे त्या भागाबद्दल बोलताना लोक आवाज खाली घेतात. मी जे पाहिलं ते मोठ्या आवाजात सांगण्यासारखं आहे.

सावली

चुलतबहिणीच्या ओळखीतून मला करुणाताई मिळाल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. धानोरा तालुक्यातल्या कुसुमटोला नावाच्या गावात त्यांनी अकरा वर्षं शाळा चालवली, तिथेच गोंडी शिकल्या. फोनवर म्हणाल्या होत्या, "मोह विकतच घ्याचा असंल तं चंद्रपूरच्या बाजारात बी भेटते. पण कसा पडते, कसा वाळते ते पाहाचं असंल तं या. मी नेतो तुमाले." बाईमाणूस "नेतो" म्हणतं हे ऐकून मी फोनकडे बघतच राहिले. तिकडच्या बायका सर्रास असं बोलतात. पाचव्या दिवशी माझ्याही तोंडून "येतो" निघालं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चंद्रपूरला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते आणि फलाट तापला होता. मूल गावावरून जाणाऱ्या बसने सावलीला पोहोचेपर्यंत माझी पाण्याची बाटली संपून दुसरी विकत घ्यावी लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली धानाची शेतं, मध्येमध्ये लहान तळी. तळ्याला तिकडे बोडी म्हणतात. एकेका बोडीत पाच-सहा माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे धरत होती.

करुणाताईंचं घर बसस्थानकापासून दहा मिनिटांवर. ओसरीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि खाली शाळेतल्या मुलांच्या फोटोंची रांग. करुणाताई म्हणजे काटक, केस अगदी बारीक कापलेले, चालताना मला दोन पावलं मागे टाकणाऱ्या. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि बोडीतल्या बारीक माशांचा रस्सा. "सांबार टाकू का वरून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रस्सा आहे की, आणखी सांबार कशाला? त्या हसल्या आणि ताटात मूठभर चिरलेली कोथिंबीर टाकली. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.

जेवताना मी माझा बेत सांगितला. कुसुमटोल्याचा यंदाचा सगळा वाळलेला मोह मी घेणार. फिरता व्यापारी देतो त्याहून चांगला भाव देणार. वाईला नेऊन लाडू करणार. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. त्या वडा मोडत म्हणाल्या, "मले नोका सांगू. गावाले सांगा. तिथी ग्रामसभा ठरवते."

आमच्याकडची ग्रामसभा मला माहीत आहे. शिपाई रजिस्टर घेऊन दारात येतो, आपण सही करतो, सभा झालेली असते. मी मनात म्हटलं, एका दिवसात उरकेल.

वैनगंगेपलीकडे

दुसऱ्या दिवशी करुणाताईंच्या स्कूटीवरून निघालो. मागे मी, मांडीवर वजनकाटा आणि पिशव्या बंद करायचं सीलिंग मशीन. वैनगंगेच्या पुलावर त्यांनी स्कूटी थांबवली. पात्राची एक बाजू पाण्याची, बाकी सगळी वाळू, आणि वाळूत टरबुजांच्या वाड्या. आमच्या कृष्णेला घाट आहेत, देवळं आहेत, दोन्ही बाजूंनी गाव तिला चिकटलेलं आहे. वैनगंगेला कुणी चिकटलेलं दिसलं नाही. ती एवढी रुंद की पलीकडचा माणूस हात हलवतोय की नुसता उभा आहे ते कळेना.

गडचिरोली सोडली, धानोऱ्याच्या पुढे गेलो आणि डोंगर सुरू झाले. सह्याद्री बघून मोठी झालेली मी, त्यांना पहिल्यांदा टेकड्याच म्हणाले. पण सह्याद्रीचे डोंगर उन्हाळ्यात उघडे पडतात. हे पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडांनी भरलेले. सागाची पानं गळलेली, पळस फुलून ओसरत आलेला, आणि त्या पानगळीत मोहाची झाडं.

कुसुमटोल्याच्या अलीकडे कोरड्या नाल्यात वाळूत चाक फसलं आणि आम्ही दोघी हळूच, जवळजवळ बसल्यासारख्या आडव्या झालो. लागलं कुणालाच नाही. सीलिंग मशीनची पट्टी मात्र वाकली. करुणाताई उठून साडी झटकत म्हणाल्या, "अकरा वर्षांत मी इथी कितीकदा पडलो, मोजलं नाई. गावात पोचाच्या आधी पडलं तं बरं. गावात पडलं तं पोरं हसतात."

गाव तीसेक घरांचं. कुडाच्या भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या, अंगणं आमच्या स्वयंपाकघरांपेक्षा स्वच्छ. त्या अंगणांत चटयांवर मोहाची फुलं वाळत घातलेली. काही ताजी, फिकट पिवळी, मण्यांसारखी फुगीर. काही तांबूस, मनुकांसारखी सुरकुतलेली. सगळ्या गावाला एकच वास होता. जड, गोड, थोडा आंबूस. पहिल्या तासाभरात मला त्याने गरगरलं, संध्याकाळपर्यंत तो येईनासा झाला.

आम्ही बिरजाबाईंकडे उतरलो. बिरजाबाई बत्तीस वर्षांच्या, गावातल्या बचतगटाच्या अध्यक्ष, करुणाताईंच्या जुन्या विद्यार्थिनी. "जोहार बाई," म्हणत त्यांनी करुणाताईंचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. घरात त्यांच्या सासूबाई चैतीबाई, जाऊ सुकमाबाई आणि सुकमाबाईंची चार वर्षांची मुलगी. बिरजाबाईंचे यजमान आणि दीर बांबूच्या कामावर जंगलात होते, मुलगा आश्रमशाळेत.

त्या संध्याकाळी ग्रामसभेचे अध्यक्ष जुरूभाऊ आम्हाला गाव दाखवायला आले. शांत माणूस, एक वाक्य बोलून दहा पावलं चालणारा. कायद्याने जंगलावरचा हक्क गावाला मिळाल्यापासून बांबू गावच तोडतं, गावच विकतं. विड्यांसाठीच्या तेंदूपानाचंही तसंच. त्या पैशातून घेतलेली धान कांडायची गिरणी त्यांनी दाखवली, तलावात सोडलेलं मत्स्यबीज दाखवलं, आणि तोडलेल्या बांबूच्या बेटात ठेवलेले कोवळे कोंब दाखवले. मी विचारलं, सगळे का नाही तोडले? जुरूभाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षी आमी इथीच राहणार हाओ."

मोह वेचताना

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली. कागद नाही, कुंपण नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. पूर्वी वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायचे, त्यातून वणवे लागायचे. आता ग्रामसभेने ते बंद केलं आणि झाडाखाली जाळ्या बांधायला दिल्या. फुलं टपटप जाळीवर पडत होती. मी एक तोंडात टाकलं. आधी गोड, मग तुरट, मग पुन्हा गोड.

बायका वेचताना सारख्या मोठ्याने बोलत होत्या. मला वाटलं, सकाळचा उत्साह. करुणाताईंनी वाटेतली ताजी विष्ठा दाखवली, तिच्यात मोहाची फुलं स्पष्ट दिसत होती. "अस्वल येऊन गेलं. आवाज ऐकला की ते दूर राह्यते." त्यानंतर मीही मोठ्याने बोलू लागले.

उन्हं वर आली तशी टोपल्या डोक्यावर घेऊन परतलो. माझ्या टोपलीत बिरजाबाईंच्या निम्मीही फुलं नव्हती. चैतीबाईंनी, सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने, माझ्या टोपलीत बघून गोंडीत काहीतरी म्हटलं. करुणाताईंनी भाषांतर केलं नाही. त्या नुसत्या हसल्या.

गोटूल

दुपारी गोटुलात सभा बसली. गोटूल म्हणजे गावाचं सगळ्यांचं घर, बाजू उघड्या, खांब कोरलेले. बायका आणि पुरुष गोल करून बसले. टेबल नाही, खुर्ची नाही. करुणाताई गोंडीतून मराठीत आणि मराठीतून गोंडीत करत होत्या, बरेच जण थेट मराठीत बोलत होते.

मी माझा प्रस्ताव मांडला. चांगला भाव, जागेवर वजन, सगळा मोह. मांडून झाल्यावर मी थांबले. कुणीच काही बोललं नाही. त्या शांततेची मला सवय नव्हती. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तशी करुणाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

पहिल्या बोलल्या चैतीबाई. मोहाला त्या गोंडीत इरुक म्हणत होत्या, तो एकच शब्द मला कळत होता. करुणाताईंनी सांगितलं ते असं: आषाढात घरात काही नसतं तेव्हा आम्ही इरुक उकडून खातो. बाळंतिणीला देतो. देवाला आधी देतो, मग तोंडात घालतो. सगळा म्हणजे काय? सगळा कुणाला कसा देता येईल?

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, व्यापारी पण पाहुणाच होता. गोड बोलला. पहिल्या वर्षी भाव दिला, तिसऱ्या वर्षी काटा मारला.

मला ते लागलं. मी म्हणाले, माझा काटा तुम्ही तपासून घ्या. जुरूभाऊ म्हणाले, "काट्याची गोष्ट नाई, ताई. आमी पाहून राह्यलो, हे काम कोणाचं हाय."

मग बिरजाबाई उठून उभ्या राहिल्या. बाकी सगळे बसून बोलले होते.

"मी आठ वर्षं तेलंगणात मिरची तोडाले गेलो," त्या म्हणाल्या. "जानेवारीत गाडी येते, बायकाईले भरून नेते. पोरगं पोटात होतं तवा बी गेलो. हाताची आग रात्रभर जात नाई. लेकराले हात लावता येत नाई. मोह पडाची वेळ आली तं अर्ध्या बाया तिथीच असतात, मोह पाखरं खातात." त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी चांगल्या हाओ. भाव बी चांगला देता. पण तुमी फुलं गाडीत भरून नेसाल, अन् मांगून आमच्या बाया गाडीत बसून मिरचीले जातील. फुलं इथीच राह्यली तं बाया बी इथी राह्यतील. लाडू इथी काऊन नाई करता येत?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

दुकानदाराला मी शब्द दिला होता. वाईच्या बायका या लाडवांच्या कामावर आशा लावून बसल्या होत्या. आणि वीस वर्षांत चुकत चुकत जे शिकले, ते उचलून देऊन टाकायचं का, हा विचारही मनात आला. आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मी म्हणाले, "मला एक दिवस द्या."

जुरूभाऊ म्हणाले, "दोन घ्या. आमाले बी लागते."

मिरचीची गाडी

चौथ्या दिवशी सकाळी वेचून परत आलो तर चौकात जीप उभी होती. मिरचीच्या दुसऱ्या तोडणीसाठी ठेकेदाराने पाठवलेली. चालक झाडाखाली बसून चहा पीत होता. चार-पाच बायका गाठोडी घेऊन उभ्या होत्या, त्यांत सुकमाबाई. मुलगी त्यांच्या पदराला धरून.

सुकमाबाई अख्ख्या मुक्कामात माझ्याशी फार बोलल्या नव्हत्या. त्या सरळ माझ्यासमोर आल्या. "बाई, लाडवाचं पक्कं हाय का? सांगा. पक्कं असंल तं मी नाई जात."

त्या क्षणी "पक्कं" म्हणणं फार सोपं होतं. सवयीने माझ्या ओठांवर आलंही होतं. पण समोर दुकानदार नव्हता. या बाईने माझ्या शब्दावर गाडी सोडली असती, आणि लाडू झालेच नाहीत तर तिच्या हातात काही उरलं नसतं.

"पक्कं नाही," मी म्हणाले. "अजून करूनच पाहिलेले नाहीत."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. मुलीला चैतीबाईंच्या हातात दिलं, गाठोडं जीपमध्ये टाकलं आणि बसल्या. जीप वळणापलीकडे गेली तरी मुलगी रडली नाही, तिला बहुतेक सवय होती. ती रस्त्याकडे बघत उभी राहिली आणि चैतीबाई तिच्याकडे बघत.

मला तिथे उभं राहवेना. गावाबाहेरच्या टेकाडावर एका खडकापाशीच मोबाइलला रेंज मिळते, तिथे चढून मी वाईला फोन लावला. शालन आमच्यातली सर्वांत जुनी, लाडू वळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिला सगळं सांगितलं.

"आवं ताई, आपल्यापाशी डिंक हाय, नाचणी हाय. सणासुदीला हात पुरत न्हाईत. त्यास्नी दुसरं काय हाय?"

"मिरची."

"मग शिकवा की. पर नीट शिकवा. आपल्यावानी पाक बिघडवून शिकायला त्यास्नी वीस वर्सं लावू नका."

चैतीबाईंचा तवा

खाली आले आणि बिरजाबाईंना म्हटलं, चला, करून पाहू. आठ जणी जमल्या. मी वाईची पद्धत काढली. फुलं धुतली, तुपावर परतली, भेट म्हणून सोबत आणलेल्या कऱ्हाडच्या गुळाचा पाक केला. पाक एकतारी झाला, माझा अभिमान दोनतारी. आणि मग सगळं मिश्रण परातीत चिखलासारखं बसून राहिलं. वळलेला लाडू दोन मिनिटांत भाकरीसारखा पसरायचा. त्या उन्हात तूप गोठायचं नावच घेत नव्हतं. मी आणखी गूळ घातला, मग नाचणीचं पीठ घातलं. आठ जणी अदबीने गप्प बसून होत्या. ती अदब मला जास्त झोंबली.

चैतीबाई नातीला कडेवर घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. सभेत सगळ्यात आधी विरोध त्यांनीच केला होता. त्यांनी मुलीला खाली ठेवलं, आत आल्या, परातीत बोट घालून चाखलं. मग करुणाताईंना काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, गोडाले आणखी गोड कशाले?"

त्यांनी चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढली. मातीचा खापरतवा ठेवला. न धुतलेली, फक्त आतलं केसर काढून निवडलेली कोरडी फुलं मूठमूठ टाकून हलक्या आचेवर भाजायला घेतली. तूप नाही, तेल नाही. हात सारखा फिरत होता. अर्ध्या तासाने एक फूल उचलून दाताखाली धरलं. कट् आवाज आला. मला दिलं. माझ्याही दाताखाली कट् वाजलं आणि कॉफी, मनुका आणि जळत्या साखरेच्या मधली एक चव तोंडभर पसरली. मग जवस भाजला, तीळ भाजले. सगळं उखळात घातलं आणि मुसळ बिरजाबाईंच्या हातात दिलं. कांडता कांडता फुलांनी आपला गोडवा सोडला आणि मिश्रण एकजीव होऊ लागलं. चैतीबाईंनी मूठ भरली, दाबली, उघडली. लाडू घट्ट, काळसर, मुठीच्या रेषा उमटलेला. उन्हात ठेवला तरी हलला नाही.

मी खाली बसून पहिल्यापासून शिकले. तीन घाणे झाले, तिसरा माझ्या हातचा. चैतीबाईंनी तो चाखला आणि अंगणात सावलीला बसलेल्या बायकांकडे दिला. बायकांनी खाल्ला. मला प्रमाणपत्र मिळालं.

मग माझी पाळी आली. हात आणि भांडी कशी ठेवायची, लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत का भरायचा नाही, प्रत्येक लाडू एकाच वजनाचा का हवा. बिरजाबाईंनी वही काढली आणि माझा शब्द न् शब्द उतरवला. वाकलेलं सीलिंग मशीन गिरणी चालवणाऱ्या माणसाने पट्टी ठोकून सरळ केलं. वीज मधेमधे जायची, तेव्हा बायकांनी मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवीची कड चिकटवून दाखवली. ती माझ्या मशीनपेक्षा सरळ आली.

मी विचारलं, "चैतीबाई, काल तुम्ही नको म्हणालात. आज का शिकवलंत?"

त्यांनी उत्तर मराठीत दिलं. त्यांना मराठी येतं हे मला तेव्हा कळलं.

"इकाले नाई शिकवलं," त्या म्हणाल्या. "सून घरी राहाले शिकवलं."

ठराव

दोन दिवस लागलेच नाहीत, त्याच दिवशी उन्हं कलल्यावर सभा पुन्हा बसली. हात वर करणं नाही, मोजणं नाही. एकालाही अडचण असेल तर विषय पुढे जात नाही. एका बाईंनी विचारलं, लाडवाच्या नादात घरचा मोह कमी पडला तर? त्यावर पाऊण तास बोलणं झालं. आमच्याकडे एवढ्या वेळात अख्खं अंदाजपत्रक मंजूर होतं. पण त्या बाई "आता बरोबर" म्हणाल्या तेव्हाच जुरूभाऊंनी रजिस्टर उघडलं.

ठरलं ते असं. आधी घरचा वाटा आणि देवाचा वाटा. नाल्याकडची झाडं अस्वलांना आणि पाखरांना, तिथे वेचायचं नाही. उरलेल्या मोहाचे लाडू गावातच होतील. मी ते घेईन, दुकानापर्यंत पोहोचवीन. पिशवीवर नाव कुसुमटोल्याचं. एक हंगाम करून पाहायचं, मग पुन्हा बसायचं.

माझ्या मूळ प्रस्तावातलं एकही कलम त्यात नव्हतं. तरी खाली सही करताना मला गेल्या कित्येक वर्षांतलं सर्वांत चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी निघताना बिरजाबाईंनी जेवायला घातलं. मोहाच्या पुऱ्या आणि तलावातला मासा. करुणाताईंनी स्कूटी चालू केली. "येतो," मी म्हणाले. चैतीबाई गोंडीत काहीतरी म्हणाल्या. या वेळी करुणाताईंनी लगेच भाषांतर केलं: "म्हणतात, टोपली भराले शिकून या."

वाई

परतल्यावर दुकानदाराला सगळं सांगितलं. तो आधी कुरकुरला. गूळ नाही, तूप नाही, रंग काळा, आणि पिशवीवर तुमचं नावही नाही? मी म्हटलं, आधी खाऊन बघा. नमुना खाल्ल्यावर त्याने थोडी मागणी दिली. फार नाही, पण दिली.

मेच्या शेवटी पहिली खेप आली. गडचिरोलीहून पार्सलने, बांबूच्या टोपलीत, भोवती पळसाची पानं. एकही लाडू फुटला नव्हता. सोबत बिरजाबाईंची चिठ्ठी. चौदा बायका कामाला लागल्या होत्या. दोघींना ते जमलं नाही, त्या पुन्हा मिरचीला जाऊ म्हणतात, असंही त्यांनी लिहिलं होतं. सुकमाबाई एप्रिलच्या मध्यातच परत आल्या. "भाजण्याचं काम आता तिच्याकडे हाय. तिचा हात सासूवर गेला. ही खेप तिच्या हातची."

मी टोपली शेडमध्ये नेली. सगळ्या जणी गोळा झाल्या. शालनने एक लाडू उचलला, तळहातावर तोलला, उजेडात धरला, नाकाशी नेला. तिला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, दुसऱ्याच्या हातच्या लाडवात ती काही ना काही काढतेच. पाक पुढे गेला, बेसन कच्चं राहिलं, वेलदोडा जुना.

तिने अर्धा लाडू खाल्ला. सावकाश. मग उरलेला अर्धा खाल्ला आणि पदराला हात पुसले.

"ताई," ती म्हणाली, "ह्यो आपल्याला जमला नसता."